साडूंसोबत नाताळची झाडं विकण्याचं शास्त्र

साहित्य : चोवीस फुटी आरव्ही एक, जुनी चालेल. साडू एक, ते जुनेच येतात. कानटोप्या दोन, खोबरेल तेलाची मोठी बाटली एक, बादली-तांब्या एक जोड, मेतकूट चवीपुरतं. हे सगळं नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कॅलिफोर्नियात, सॅन होजेतल्या एखाद्या मॉलच्या पार्किंगच्या कोपऱ्यात एकत्र करावं आणि २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत झाकण ठेवून शिजू द्यावं.

ही मार्गदर्शिका ठरावीक वाचकांसाठी आहे. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं खुर्चीत बसून पगार घेतलेला असावा, ते नुकतेच निवृत्त झालेले असावेत, आणि ऑक्टोबरमधल्या एका रविवारी श्रीखंड जरा जास्त झालेलं असताना साडूंनी "अहो, पाच आठवडे मोकळ्या हवेत काम करायचं का?" असं विचारल्यावर ते "करू की" म्हणालेले असावेत. असे वाचक फार नसतील. एकाची मात्र पाठ अजून दुखते.

आरव्ही कशाला? झाडं उघड्यावर असतात. पाच-सहाशे झाडांना कुलूप लावता येत नाही. म्हणून लॉटच्या, म्हणजे झाडं विकायच्या जागेच्या, मालकाला रात्री तिथेच झोपणारी माणसं हवी असतात, आणि जो चाकांवरचं घर घेऊन येतो त्याला काम चटकन मिळतं. आमच्या साडूंनी अमेरिकेची पन्नास राज्यं पालथी घालायची म्हणून आरव्ही घेतली होती. पन्नासांत हवाई बेटंही येतात हे मेव्हणीने नंतर लक्षात आणून दिलं. ती एकदा योसेमिटीला जाऊन आली आणि मग घरासमोर उभी राहिली. आरव्ही, मेव्हणी नव्हे.

नियम पहिला : नातं सांभाळावं. साडू म्हणजे सासुरवाडीच्या पंगतीत वर्षानुवर्षं आपल्या शेजारच्या पाटावर बसणारे गृहस्थ. आपण त्यांना अहो म्हणतो, ते आपल्याला अहो म्हणतात. एकमेकांबद्दलचं खरं मत पंगतीत निघत नाही. ते परतीच्या वाटेवर गाडीत, बायकोजवळ निघतं. आरव्हीत ही सोय नाही. तिथे एकाला पँट चढवायची तर दुसऱ्याने बिछान्यावर चढावं किंवा पावसात जावं. रात्री दोन वाजता "अहो, तुमचा गुडघा माझ्या उशीवर आलाय" हे वाक्य आदराने उच्चारून पाहा. आम्ही उच्चारलं. अकरा दिवस उच्चारलं.

साडूंविषयी इतकंच सांगतो की ते जन्मभर चिपच्या कारखान्यात गुणवत्ता तपासत होते आणि "माहीत नाही" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाहीत.

नियम दुसरा : वीज मोजून वापरावी. आमच्या लॉटला मॉलच्या खांबावरून एकच जोडणी होती, २० अँपिअरची. १५०० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. १५०० वॉटची किटलीही साडेबाराच ओढते. साडेबारा आणि साडेबारा पंचवीस. हा हिशेब मी पहिल्याच संध्याकाळी मांडला. साडूंनी तो तपासला, बरोबर असल्याचं सांगितलं, आणि "थोडं मार्जिन ठेवलेलंच असतं" म्हणत किटली लावली. लॉटवरच्या दिव्यांच्या माळा त्याच तारेवर होत्या. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, हंगामातला पहिला गर्दीचा दिवस, आणि सगळा लॉट काळाठिक्कर. लोकांना वाटलं, काहीतरी कार्यक्रम आहे. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. अंधारातून आवाज आला, "अहो, यांचा ब्रेकरच लहान आहे."

नियम तिसरा : पाणी. आरव्हीच्या गरम पाण्याच्या टाकीत सहा गॅलन मावतात, म्हणजे तेवीस लिटरच्या आसपास. शॉवरखाली साबण लावून होईपर्यंत ते गरम असतं. मग डिसेंबर सुरू होतो. इथे बादली-तांब्याला पर्याय नाही. अर्धी बादली गरम, अर्धी गार, तांब्याने मोजून दहा वेळा. दोन माणसं न्हाऊन कपभर पाणी उरतं. अमेरिकेत इतकी वर्षं राहून इथल्या कुठल्या यंत्राला मी आपल्याकडची वस्तू देऊन हरवलं असेल, तर ते एवढंच. छताची झडप दोन बोटं उघडी ठेवावी, नाहीतर भाताच्या वाफेने खिडक्या रात्रभर गळतात. मिरचीची फोडणी मात्र बाहेरच, झाडांपासून लांब. आत दिली की धुराचा अलार्म वाजतो आणि शेजारच्या गाद्यांच्या दुकानाचा पहारेकरी धावत येतो.

आता काळी टाकी, म्हणजे संडासाची. वाचकांपैकी कोणी जेवत असेल तर हा परिच्छेद सोडावा. तिची झडप एरवी बंद ठेवायची, दोन तृतीयांश भरली की उघडायची. आधी काळी रिकामी करायची, मग अंघोळीच्या पाण्याची करडी, म्हणजे करड्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. साडूंना हे तोंडपाठ होतं. घरी आलेल्या पाहुण्यांना ते न विचारता सांगत. लॉटवर गटाराची सोय नव्हती, म्हणून बाराव्या दिवशी सकाळी आम्ही आरव्ही घेऊन टाकी उपसायच्या केंद्रावर गेलो. नळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. झडप त्यांनी उघडली. माझं टोक अजून बसलं नव्हतं.

"अरे धर, धर, धर!"

मी म्हणालो, "तू बंद कर आधी!"

परतीच्या वाटेवर दोघेही गप्प होतो. पण पंगत मोडली होती. इथून पुढे मीही त्याला लेखात एकेरीच म्हणणार आहे.

नियम चौथा : माल ओळखावा. नोबल फरच्या फांद्या ताठ, मधे मोकळी जागा. जड शोभेच्या वस्तू टांगायच्या असतील तर तोच. ग्रँड फरची सुई चुरडली की संत्र्याच्या सालीचा वास येतो. फ्रेझर फर नॉर्थ कॅरोलायनाहून चार हजार किलोमीटर ट्रकमध्ये आडवा पडून येतो, तरी सुया सोडत नाही. माझ्या मते तोच खरा, पण ओरेगॉनचा माल जवळचा. देशात सगळ्यांत जास्त नाताळची झाडं ओरेगॉनच पिकवतं, डोंगरउतारावरून ती हेलिकॉप्टरने उचलतात. ताजेपणा बघायचा तर फांदी मुठीत सैलसर धरून आपल्याकडे ओढावी. सुया मुठीत राहिल्या तर झाड जुनं.

डग्लस फर सगळ्यांत स्वस्त आणि हौशी घरांचा लाडका. वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो खरा फर नाही, त्याची प्रजाती वेगळी आहे. ही माहिती निरुपद्रवी आहे, साडूला होईपर्यंत. "मॅडम, हा फर नव्हेच," तो गिऱ्हाइकाला कळकळीने सांगायचा. मॅडम झाड जागेवर ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात अकरा झाडं अशी शास्त्रापायी पडून राहिली.

तसाच मार्क कार. १८५१ साली कॅट्सकिलच्या डोंगरातून बैलांच्या दोन घसरगाड्या भरून हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या बाजारात झाडं घेऊन आला. जागेचं भाडं एक डॉलर. सगळी झाडं खपली, आणि दुसऱ्या वर्षी जागामालकाने शंभर डॉलर मागितले असं सांगतात. साडूने ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली तेव्हा ती स्वस्ताई आठवून सूट मागू लागली. लॉटच्या मालकाला सांगितली तेव्हा तो मॉलला किती भाडं देतो हे आठवून खुर्चीत बसला.

नियम पाचवा : गिऱ्हाईक. ज्याने लक्ष्मी रोडवर बायकोबरोबर साडीखरेदी केली आहे त्याला वेगळं प्रशिक्षण नको. कुटुंब येतं. पहिलं झाड दिसतं, सगळ्यांना आवडतं. "पण अजून बघू." मग आपण झाड जाळीतून सोडवायचं, उभं धरायचं, गोल फिरवायचं. एक बाजू विरळ आहे. विरळ बाजू भिंतीकडे करता येते, हे सुचवायचं नाही. ते त्यांना स्वतः सुचलं की झाड विकलं जातं. दुसरं बुटकं, तिसरं "जरा उदास". उदास! सहा-सात फुटांचं झाड वाढायला सात ते दहा वर्षं लागतात. तेवढी वर्षं एका जागी उभं राहून दाखवा म्हणावं, मग हसा. चौदावं झाड फिरवून झालं की कुटुंब पहिल्याकडे परत येतं. ते दरम्यान कोणीतरी घेऊन गेलेलं असतं.

एकदा एक मराठी बाई आल्या. माझ्या कानटोपीकडे बघून "तुम्ही आपलेच का?" म्हणाल्या. मग नोबल फरचा शेंडा कोथिंबिरीच्या जुडीसारखा दोन बोटांत धरून, झटकून, "याला मुळं नाहीत?" मी म्हटलं, नाहीत. "मग महिन्याभराने टाकायचं? एवढे पैसे देऊन?" मुलगा मागे उभा होता, सात-आठ वर्षांचा, त्याने झाडाला आधीच मिठी मारली होती. "शेवटचा भाव सांगा," त्या म्हणाल्या. मी पाच डॉलर कमी केले आणि ते माझ्या टिपांतून भरले. मालकाला सांगू नका.

नियम सहावा : प्रत्येक गिऱ्हाइकाचं छत, त्याच्या मते, नऊ फुटांचं असतं. ते आठच असतं. वरचा तारा आणि खालचा स्टँड धरून सात फुटांच्या वर झाड देऊ नये.

नियम सातवा, आणि थट्टा बाजूला ठेवून सांगतो, एवढा तरी पाळावा : झाड नेताना बुंध्याची अर्धा ते एक इंचाची चकती कापून घ्यावी. सरळ कापावी, तिरकी नको. जुन्या कापावर राळ बसलेली असते, तिच्यातून पाणी चढत नाही. कापल्यावर सहा-आठ तासांत झाड पाण्यात उभं करावं. बुंधा जितके इंच जाड, तितके लिटर पाणी ते दिवसाला पिऊ शकतं, पहिल्या दिवसांत तर नक्कीच. साखर, अ‍ॅस्पिरिन वगैरे काही घालू नये. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंधा तासू नये, पाणी त्या बाहेरच्या थरांतूनच चढतं. हाताला लागलेली राळ साबणाने जात नाही. खोबरेल तेल चोळावं, मग साबण. पाच आठवडे आमच्या आरव्हीला फरचा आणि आजीच्या वेणीचा असा एकत्र वास होता.

गाडीच्या टपावर बांधताना बुंधा पुढे, शेंडा मागे. उलट बांधलं तर वारा फांद्या उलगडतो. दोरी दारं उघडून आतून घ्यावी. साडूने एकदा दारं लावून खिडक्यांतून घेतली, चार फेरे, नाविकाच्या गाठी. दारं उघडेनात. आत एक आजी बसल्या होत्या. त्यांना उतरायचं नव्हतं म्हणून निभावलं.

नियम आठवा : टीप नाकारू नये. साडू दोन दिवस नाकारत होता.

नियम नववा : हे सगळं फार कष्टाचं वाटल्यास मॅनहॅटन आठवावं. तिथे १९३८ च्या एका सवलतीमुळे डिसेंबरात फुटपाथवर झाडं विकता येतात, आणि क्यूबेकहून आलेली मंडळी व्हॅनमध्ये झोपून, बर्फात, रात्रपाळीने विकतात. मी आठवून पाहिलं. पाठीला फरक पडला नाही.

पाठीचं असं झालं. १७ डिसेंबरला दिवसभर पाऊस. भिजलेला नऊ फुटी नोबल मी एकट्याने उचलायला गेलो, कारण सकाळी साडूशी सुतळीच्या गाठीवरून भांडण झालं होतं आणि त्याला हाक मारायची नव्हती. कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं. रात्री ताप. मी बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडलो. त्याने हीटर माझ्या बाजूला वळवला, मग किटलीकडे बघितलं, हीटर बंद केला, किटली लावली, पाणी तापलं, किटली काढली, हीटर पुन्हा लावला. असं तीनदा. मऊ भात केला, वर तूप-मेतकूट, लिंबाची फोड. तो स्टुलावर बसला. त्याचे गुडघे माझ्या बिछान्याला टेकत होते, दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती.

"अरे, दोन घास खा," म्हणाला. "आणि ती गाठ तुझीच बरोबर होती. मी नंतर सोडवून बघितली."

पुढचे तीन दिवस माझ्या वाट्याची झाडं त्याने उचलली. डग्लस फर हा फर नाही हेही तेवढे दिवस कोणाला सांगितलं नाही, दमला होता म्हणून असेल.

नियम दहावा : २४ तारखेच्या दुपारनंतर झाडाला किंमत नसते. सकाळी शंभराच्या वर गेलेलं संध्याकाळी फुकट घ्या म्हटलं तरी कोणी वळून बघत नाही. आमची सव्वीस उरली. भुगा करून बागांत पसरण्यासाठी ट्रक ती घेऊन गेला. त्या उदास म्हटलेल्या झाडाला साडूने आधीच बाजूला काढलं होतं. ते आरव्हीत मावेना, म्हणून टपावर बांधलं. बुंधा पुढे. दारं उघडून.

घरी पोचलो तेव्हा दोघी बहिणी दारात उभ्या होत्या. आम्ही हात धुतले, टेबलाशी बसलो. बायकोने श्रीखंड वाढलं. साडूच्या कॉलरमध्ये एक सुई अडकलेली मला दिसत होती.

"अहो," तो म्हणाला, "पुरी घ्या ना अजून एक."

"नको हो," मी म्हणालो, "तुम्ही घ्या."