वरची घडी

गेल्या श्रावणात माझं उघडं तोंड चार हजार लोकांनी पाहिलं. त्यांत दाताचा डॉक्टर एकही नसावा, कारण उजवीकडच्या किडलेल्या दाढेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तोंडाभोवती लाल गोल होता. गोलातून एक लाल बाण निघाला होता, तो पालथ्या खापराकडे गेला होता आणि वर पिवळ्या अक्षरांत, काळ्या किनारीसकट लिहिलं होतं: ‘खापर फुटलं!!!’ उद्गारचिन्हं तीन. व्हिडिओ होता पुरणाचे मांडे कसे करावेत याचा. खापर त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत धडधाकट होतं.

हे चित्र मी स्वतः, माझ्या हातानं बनवलं होतं, हे आधीच कबूल करतो.

मी सुरतेत पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत एका डाईंग-प्रिंटिंग मिलच्या डिझाइन खात्यात आहे. काम सेपरेशनचं. साडीवर मोर असला की त्याचा निळा वेगळा काढायचा, हिरवा वेगळा, चोचीचा लाल वेगळा. जितके रंग तितक्या स्क्रीन. बावीस वर्षांत मी इतके मोर सुटे केलेत की खरा मोर समोर आला तरी आधी रंग मोजतो. आता डिजिटल मशिनं आल्यापासून मोर अखंडच छापला जातो आणि आमच्या खात्यात खुर्च्या कमी झाल्यात. त्यामुळे संध्याकाळी मला वेळ असतो, ही गोष्ट भाच्याच्या लक्षात आली.

आमची वस्ती म्हणजे उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीचा सांडलेला डबा. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, सगळी स्टेशनं एका गल्लीत भेटतात. मधे ओडिया आणि भोजपुरी घरं आहेत. त्यांची पोरं मालेगावच्या छोटू दादाचे व्हिडिओ बघून आमच्या पोरांइतकीच हसतात. अशा गल्लीत बहिणीच्या मुलानं आईच्या खान्देशी स्वयंपाकाचं चॅनेल काढलं, यात नवल नव्हतं. शेवभाजी झाली, भरीत झालं, कळण्याची भाकरी झाली. बघणारे मात्र आम्हीच होतो, आणि तेही त्याच जेवणाला बसलेले.

एके दिवशी भाचा लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, ‘‘मामा, आईच्या हातात चव आहे, पण थंबनेल फसतंय. तुम्ही तर फोटोशॉपवाले.’’

थंबनेल म्हणजे अंगठ्याचं नख. व्हिडिओ उघडण्याआधी यादीत जे चिमुकलं चित्र दिसतं, ते. आपल्याकडे माणूस नखशिखान्त न्याहाळायची पद्धत आहे. इथे शिखान्तापर्यंत कुणी पोचतच नाही, निकाल नखावरच लागतो. भाच्यानं मला नियम सांगितले. चित्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचं. शब्द तीन, फार तर चार. रंग एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. एक चेहरा हवाच, आणि त्या चेहऱ्याला काहीतरी भयंकर झालेलं हवं.

मी साडेपाच मीटर लांबीवर काम करणारा माणूस. पदर कुठे संपतो, निऱ्यांत काय दडतं, रिपीट कुठे जुळतो, हे बघण्यात हयात गेली. आणि हा मला काडेपेटीएवढ्या जागेत आख्खा स्वयंपाक बसवायला सांगत होता. तरी मी कंबर कसली. खापरावरचा मांडा घेतला, कडेचे करपलेले ठिपके हातानं साफ केले, पुरणाची केशरी झाक वाढवली, पदराला करतो तशी नक्षीदार बॉर्डर टाकली आणि सगळ्यात देखणा भाग खाली उजव्या कोपऱ्यात ठेवला. मोबाइलवर उघडलं. उजव्या कोपऱ्यात काळ्या पट्टीवर ‘१४:३२’ असं आलं होतं. व्हिडिओची लांबी तिथेच दाखवतात, हा नियम भाचा सांगायचा विसरला होता. तीन तासांची मेहनत साडेचौदा मिनिटांखाली गाडली गेली.

उरलेला मांडा जो दिसत होता, तोही बेतास बात. मांडा ही खाण्याची चीज आहे, बघण्याची नव्हे. फिकट, पातळ, हातभर पसरलेला. काळ्या खापरावरून लोंबताना त्याचा फोटो काढला तर दोरीवर वाळत घातलेलं फडकं दिसतं. बहिणीनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, ‘‘भाऊ, हे माझं पोतेरं कशाला टाकलं?’’

मग चेहऱ्याचा विषय निघाला. भाच्याचं म्हणणं, आईनं आश्चर्यानं तोंड उघडायचं. बहिणीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ‘‘आश्चर्य कशाचं? तीस वर्षं मांडे करते. एकदाही आश्चर्य वाटलं नाही. आणि तुझे आजोबा फोनवर बघतात. त्यांच्यासमोर मी आ करून उभी राहू?’’ प्रश्न बिनतोड होता. शेजारच्या ओडिया मावशींना विचारलं, त्यांनी दार लावून घेतलं. राहता राहिला मामा.

‘‘मामा, मोठा आ करा. डोळेही.’’

‘‘झालंय काय असं धरून चालू?’’

‘‘खापर फुटलंय.’’

‘‘फुटलं असतं तर मी केरसुणी आणायला धावलो असतो, आ करून उभा कशाला राहीन?’’

‘‘बरं, मग पगाराची स्लिप आठवा.’’

पहिल्याच क्लिकमध्ये फोटो मिळाला.

हा सगळा चावटपणा आजकालच्या पोरांचा, असं म्हणून मला हात झटकता आले असते. पण कापडाच्या धंद्यातला माणूस तसं म्हणू शकत नाही. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचं कापड हिंदुस्थानात यायचं तेव्हा ठाणावर रंगीत छापील चित्र चिकटवलेलं असायचं. लक्ष्मी, कृष्ण, वाघ, हत्ती, राजेरजवाडे. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नसे. ते चित्रावरून माल ओळखायचं आणि त्याच छापाचं मागायचं. म्हणजे ठाण न उघडता कापड पसंत करायची सवय आपल्याला साहेबानं लावली, आणि तीही आपलेच देव वापरून. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. त्यांच्या हाताला कला होती, माझ्या हाताला मामाचं तोंड आलं, एवढाच फरक. सुरतेच्या साडीच्या पाकिटावर आजही जी बाई हसत उभी असते, तिनं आतली साडी नेसलेली असेलच असं कुठे आहे?

तर ‘खापर फुटलं!!!’ लागलं. दुसऱ्या दिवशी भाचा ओरडतच आला. यूट्यूब आकडा देतं, की चित्र शंभर जणांना दिसलं तर त्यांतल्या किती जणांनी उघडलं. यूट्यूबच सांगतं की निम्म्या चॅनेलांचा हा आकडा दोन ते दहा टक्क्यांत असतो. आमचा अकरा! बहिणीनं शिरा केला. मिलमध्ये मी दोघांना सहज सांगितलं, दोघांनी बावीस जणांना सहज सांगितलं. स्टेंटर मशिनवरचा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत मला बघून आ करून दाखवू लागला. प्रसिद्धी म्हणतात ती हीच असावी.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं दुसरा आलेख उघडला. लोक व्हिडिओत किती वेळ टिकतात त्याचा. सापुताऱ्याहून वघईकडे गाडी उतरावी तशी रेघ पहिल्या वीस सेकंदांत खाली गेली होती. माणसं आत आली, खापर शाबूत बघितलं आणि चप्पल न काढताच निघून गेली. खाली शेरे होते. ‘खापर कधी फुटणार?’ ‘शेवटपर्यंत पाहिलं, काही फुटलं नाही.’ एकानं लिहिलं होतं, ‘काकांना दवाखान्यात न्या.’ त्यात भाच्यानं वाचलं की डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबनं भारतापुरतं जाहीर केलंय: मथळ्यात नि चित्रात एक आणि व्हिडिओत भलतंच असेल, विशेषतः बातम्यांच्या बाबतीत, तर असे व्हिडिओ काढून टाकू. आमच्या घरातलं खापर ही काही देशाची ताजी बातमी नव्हती, पण पोरगा घाबरला. आणि फुटायचं ते खापर अखेर फुटलं, माझ्या डोक्यावर. बहीण म्हणाली, ‘‘भाऊ, माझे मांडे कधी बिघडले नाहीत. तुझं तोंड मधे आलं.’’

हे सगळं चालू असताना बायको भिंतीला टेकून साड्यांच्या घड्या घालत होती. आमच्या भागात हे काम घराघरांत चालतं. कुणी लेसपट्टी लावतं, कुणी टिकल्या चिकटवतं, कुणी घड्या घालतं. मोबदला नगावर. हिच्या हाताखालून रोज ढीगभर साड्या जातात आणि प्रत्येकीची अशी घडी पडते, की पदराचा सगळ्यात उठावदार तुकडा बरोबर वर येतो. बाकी साडेपाच मीटर त्याच्या खाली गुपचूप झोपतात. बावीस वर्षं मी साड्यांची डिझाइनं करतोय. त्यातलं गिऱ्हाइकानं काय बघायचं हे ही ठरवते.

‘‘अहो,’’ ती मान वर न करता म्हणाली, ‘‘वरच्या घडीला आपण काय करतो? आत जे आहे, त्यातलंच चांगलं वर घेतो. आत नाही ते कुठून आणणार?’’

मग तिनं एका व्यापाऱ्याची आठवण काढली. त्यानं पाकिटात भरगच्च कामाच्या साडीचा फोटो घातला, आत साधी साडी. माल हातोहात गेला आणि दिवाळीनंतर पार्सलच्या पार्सल परत आली. परत आलेल्या साड्या उलगडून, झटकून पुन्हा घड्या घालायचं काम गल्लीतल्या बायकांना मिळालं. त्या दुसऱ्या घडीचे पैसे काही मिळाले नाहीत.

‘‘तुमचे ते वीस सेकंदांत पळालेले लोक आहेत ना,’’ ती म्हणाली, ‘‘तो परत आलेला माल.’’

एवढ्या बोलण्यात माझ्या दोन रात्रींच्या फोटोशॉपचा निकाल लागला.

मग आम्ही आत काय आहे ते शोधायला बसलो. साडेचौदा मिनिटांचा व्हिडिओ पहिल्यांदाच मी पूर्ण पाहिला. त्याआधी त्याचं थंबनेल बनवताना मला त्याची गरज वाटली नव्हती, हा या व्यवसायातला सर्वसाधारण रिवाज असावा. सहाव्या मिनिटाला बहीण पुरण भरलेला उंडा हातावर घेते, आणि पोळपाट नाही, लाटणं नाही, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत त्याला वाढवत नेते. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. एका क्षणी तो इतका पातळ होतो की उजेड आरपार येतो आणि पलीकडून तिचा चेहरा अंधुक दिसतो. डोक्यावर पदर, तोंड मिटलेलं, नजर मांड्यावर. आणि इतका ताणूनही तो फाटत नाही. बालपणापासून हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि एकदाही पाहिलेलं नाही.

तो क्षण उचलला. गोल नाही, बाण नाही. वर दोनच शब्द: ‘लाटण्याशिवाय मांडा’. बॉर्डर टाकायला हात शिवशिवत होते, बायकोनं माउस काढून घेतला.

पण माझी एक खुमखुमी बाकी होती. यूट्यूबवर एकाच व्हिडिओला तीन थंबनेलं लावून परीक्षा घेता येते. काही लोकांना हे दिसतं, काहींना ते. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. एक बहिणीचे हात, एक खापराचा साधा फोटो आणि एक माझं तोंड, या वेळी उद्गारचिन्ह एकच, शालीन. या परीक्षेत किती जणांनी बोट लावलं यावर गुण नसतात, कुठल्या चित्रावरून आलेले लोक जास्त वेळ थांबले यावर असतात. हे कळलं तेव्हाच मी हरलो होतो. दोन आठवड्यांनी निकाल लागला: हात पहिले, खापर दुसरं. एका निर्जीव खापरानं मला मागे टाकलं, तेही यंत्राच्या साक्षीनं.

आता क्लिकचा आकडा सहाच्या आसपास असतो. अकरा पुन्हा दिसला नाही. पण आलेले लोक थांबतात, आणि कुणीकुणी लिहितात की आमची आजी असेच मांडे करायची. भाचा अजून मला ‘आ’च्या जुन्या फोटोवरून चिडवतो. बहीण चित्र बघून पदर नीट करते आणि पुढच्या व्हिडिओचं विचारते. थंबनेल करायला बसण्याआधी मी व्हिडिओ पूर्ण बघतो. तुम्हीही हे काम करत असाल तर एवढं एक करा, बाकी रंग कुठलेही लावा. आणि ज्यांनी त्या वेळी विचारलं होतं त्यांच्यासाठी: खापर अजून शाबूत आहे.