अण्णांचं मशीन आणि माळ्यावरची मेमरी

"ऐकलंत का वहिनी? लिनक्सवाल्यांनी म्हणे जुने कॉम्प्युटर बंद पाडायचं ठरवलंय."

पुण्याच्या सहकारनगरात बातमी आधी कंपाउंडच्या भिंतीवर येते, मग पेपरात. अण्णा हातात पाण्याची नळी धरून बोलत होते आणि पाणी आमच्या जास्वंदीला मिळत होतं, म्हणून मीही घाई केली नाही.

"कुणी सांगितलं?"

"समोरच्या बापूंनी. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर वाचलंय."

बापूंचा भाचा म्हणजे अर्धं वाचणार आणि दीडपट सांगणार. पण या वेळी अगदीच थाप नव्हती. आमची सून हिंजवडीत लिनक्सच्या कर्नलचंच, म्हणजे त्याच्या गाभ्याचंच, काम करते, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर आमटीबरोबर हेही वाढलं जातं.

"बंद काही पाडत नाहीत हो. इंटेलच्या जातीच्या बत्तीस बिटी मशीनला चार जीबीच्या वरची मेमरी वापरायची जी सोय होती, तेवढी काढली. मे २०२५ मध्ये लिनक्सची ६.१५ आवृत्ती आली, तिच्यात. आर्न्ड बर्गमन म्हणून एक आहेत, त्यांनी ती साफसफाई केली."

"चार जीबीचंच काय एवढं?"

"बत्तीस बिटांत पत्ते मावतात ४,२९,४९,६७,२९६. तेवढे बाइट म्हणजे चार जीबी. त्यातले तीन जीबी पत्ते प्रोग्रामांना, एक जीबी कर्नलला, अशी नेहमीची वाटणी. कर्नलच्या वाट्यातही थेट हाताशी येते ती जेमतेम ८९६ एमबी मेमरी. त्याच्या वरची त्याला समोर दिसतच नाही. तुमच्या नारायण पेठेतल्या वाड्यातला माळा आठवा. शिडी लावायची, हवं ते खाली काढायचं, काम झालं की परत वर. दर वेळी."

"आमची शिडी मोडकी होती. एकदा ही वर गेली आणि..."

"ती गोष्ट सांगायची नाही!" आतून काकूंचा आवाज आला. गोष्ट राहिली.

"पण मग माळा बांधलाच कशाला?" अण्णांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"तेव्हा गरज होती. १९९५ चा पेंटियम प्रो ६४ जीबीपर्यंत मेमरी घेऊ शकायचा, पण प्रोग्रामला पत्ते बत्तीस बिटांचेच. मोठ्या सर्व्हरना मेमरी पुरेना आणि चौसष्ट बिटी मशीनच्या किमती ऐकूनच घाम फुटायचा. म्हणून १९९९ च्या सुमारास लिनक्सने ही शिडी केली. २००३ मध्ये एएमडीने चौसष्ट बिटी प्रोसेसर साध्या पीसीत आणला आणि गरज ओसरली. शिडी मात्र राहिली. आता मेमरीला हात लावणारा नवा कोड लिहिताना दर वेळी विचार करायचा, मेमरीचं हे पान खाली आहे का वर! सून म्हणते, वापरणारे उरलेत मूठभर आणि कटकट मात्र सगळ्यांना."

मला विचाराल तर चार जीबीच्या वरची सोय काढली ते बरंच झालं. कुणाच्या तरी जुन्या हौसेपायी शहाण्या माणसांनी जन्मभर शिडी धरून का उभं राहायचं?

अण्णांना ते पटलं नाही. जुनं काढलं की त्यांना परम महासंगणक आठवतो. "१९९१ साली आपल्या सी-डॅकने परम ८००० केला, ठाऊक आहे ना? अमेरिकेने हवा तो क्रे विकला नाही, म्हणून इथे पुण्यात ट्रान्सप्युटर चिपा जोडून केला! तोही बत्तीस बिटीच होता."

"आणि त्याच वर्षी तिकडे लिनस टोरवाल्ड्सने आपल्या ३८६ पीसीवर लिनक्स लिहायला घेतलं. त्या ३८६ चाच आधार २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकला. ज्याच्यावर लिनक्स जन्मलं त्यालाही सोडलं नाही, अण्णा, तुमच्या मशीनचं काय घेऊन बसलात! तुमचे ट्रान्सप्युटरही गेलेच की. आता जीएमआरटी दुर्बिणीसाठी परम रुद्र आलाय, २०२४ पासून."

अण्णा गप्प. पाणी आता आमच्या कुंडीतून वाहायला लागलं.

"बरं, तुमच्या मशीनला मेमरी किती?"

"पाचशे बारा एमबी. लेकाने अमेरिकेला जाताना डेबियन लिनक्स घालून दिलंय. सोसायटीचे हिशेब त्याच्यावरच."

"मग तुमच्या घरी माळाच नाही! तुम्हाला धक्का लागत नाही. चार जीबीच्या आतल्यांची सोय तूर्त आहे तशीच आहे. कारखान्यातल्या एआरएमच्या बत्तीस बिटी बोर्डांनाही ती लागते, तीही पुढेमागे काढायचं बोलणं चालू आहे. तुमची खरी अडचण वेगळी. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून बत्तीस बिटी पीसीला कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं. बाराव्या आवृत्तीला जून २०२८ पर्यंत आधार आहे, तोवर हिशेब लिहा निवांत."

"आणि विंडोज?"

"विंडोज ११ बत्तीस बिटीत आलंच नाही. दहाचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला."

एवढ्यात बापू आलेच. माझ्या मते ते फाटकाआड उभेच असतात. "आमचं काय हो वहिनी? मी तर तपकीर गल्लीतून हौसेने आठ जीबी रॅम आणून घातली. सिस्टम बत्तीस बिटीच आहे. भाचा म्हणतो, जुन्या बाजारात काढा."

म्हणजे अडकले ते हेच! पाचशे बारावाला सुखरूप आणि आठ जीबीवाला माळ्यावर.

"मशीन कधीचं?"

"२०१० चं."

"मग प्रोसेसर जवळपास नक्की चौसष्ट बिटी असणार. कुणीतरी त्याच्यावर बत्तीस बिटी सिस्टम घालून ठेवलीय. मशीन शाबूत आहे बापू, विकताय काय!"

बापू तरातरा घरी गेले, भाच्याला फोन लावायला.

तुमच्याकडेही २००८ नंतरचा पीसी धूळ खात पडला असेल, तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात नेण्याआधी प्रोसेसरचं नाव बघा. अ‍ॅटमवाले काही छोटे नेटबुक सोडले, तर तो बहुधा चौसष्ट बिटीच निघेल. फोटो आणि हिशेब पेनड्राइव्हवर काढून घ्या आणि चौसष्ट बिटी सिस्टम घाला. नवं मशीन घ्यायची गरज नाही.