फळीवरचे वाळवंट: एक शास्त्रोक्त मार्गदर्शिका

घरात छोटी रेल्वे बांधायची ठरली की पहिली अडचण गाडीची नसते, जागेची असते. आणि जागेचा विषय निघाला की तो घरातल्या मंडळींसमोर मांडावाच लागतो. मांडताना चेहरा गंभीर ठेवावा. ‘खेळण्यातली गाडी आणतोय’ असे चुकूनही म्हणू नये. ‘कार्सन अँड कोलोरॅडो रेल्वेच्या दक्षिण विभागाची प्रतिकृती विचाराधीन आहे’ असे म्हणावे. ऐकणारा यावर काय विचारावे याचा विचार करत असतो, तेवढ्यात टेप काढून दिवाणाच्या वरची भिंत मोजून घ्यावी.

रेल्वे खरीखुरीच निवडावी, काल्पनिक नको. काल्पनिक रेल्वेत कुणीही येऊन काहीही सुचवतो. इथे धबधबा सोड, तिथे बोगदा काढ, मुलांसाठी एक जिराफ ठेव. खऱ्या रेल्वेला इतिहास असतो, आणि जिराफाला नकार द्यायला इतिहासाइतके भक्कम कारण दुसरे नाही.

कार्सन अँड कोलोरॅडोचा इतिहास तर आपल्यासारख्यांना धीर देणारा आहे. 1880 मध्ये नेवाडातल्या माउंड हाउसहून निघालेले हे तीन फुटी रूळ 1883 मध्ये कॅलिफोर्नियात ओवेन्स तळ्याच्या काठी, आज कीलर म्हणतात त्या गावाला, येऊन थांबले. लांबी 300 मैल. नावातली कोलोरॅडो नदी या रेल्वेने कधी पाहिलीच नाही. जिच्यासाठी खटाटोप केला ती खाणींची भरभराट रूळ पोहोचेपर्यंत ओसरत आली होती. भांडवलदारांपैकी डेरियस मिल्स रेल्वे पाहायला आला आणि म्हणाला, असे सांगतात, की ही एक तर 300 मैल जास्त लांब झाली, नाहीतर 300 वर्षे लवकर झाली. अखेर 1900 मध्ये ती सदर्न पॅसिफिकला विकून टाकली, आणि त्याच वर्षी नेवाडातल्या टोनोपाला चांदी सापडली. तेव्हा आपले अंदाजपत्रक कोलमडले, ठरलेले स्टेशन बांधायचे राहून गेले, तर मनाला लावून घेऊ नये. ते परंपरेला धरूनच आहे.

आता प्रमाण. 1:87 या प्रमाणात 300 मैलांचे साडेपाच किलोमीटर होतात, म्हणजे रूळ सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडणार. ओवेन्स खोऱ्याच्या पश्चिमेला सिएरा नेवाडाची रांग आहे, तिच्यात 4,421 मीटरचे माउंट व्हिटनी. खोऱ्याच्या तळापासूनच मोजले तरी या प्रमाणात ते सुमारे बारा मजली भरते आणि त्याला महापालिकेची परवानगी लागेल. म्हणून डोंगर भिंतीवर रंगवावा आणि रेल्वेचा फक्त एक तुकडा घ्यावा: आठ फूट लांब, दीड फूट रुंद. तोही छातीच्या उंचीवर. टेबलावरची रेल्वे विमानातून पाहिल्यासारखी दिसते. छातीपाशी असली की माणूस जरा वाकतो आणि रुळांच्या कडेला उभा राहतो. शिवाय छातीच्या उंचीवर कुणी चहाचा कप ठेवत नाही. बहुधा.

मापाच्या बाबतीत मात्र मोठा धर्मसंकटाचा प्रसंग आहे. 1:87 मध्ये तीन फुटी रुळांचे अंतर साडेदहा मिलिमीटर येते. हे खरे माप, पण सामान दुर्मीळ आणि महाग. 1:48 मध्ये तेच अंतर 19 मिलिमीटर येते. तेही खरे, तेही महाग. मग बहुतेक सज्जन तिसऱ्या वाटेने जातात. गाडी 1:48 ची घ्यायची आणि ती साध्या एचओच्या, म्हणजे 1:87 च्या नेहमीच्या, 16.5 मिलिमीटर रुळांवर चालवायची. ढोबळ हिशोबाने हे रूळ 30 इंचांचे ठरतात, तीन फुटांचे नव्हेत. बाखमन कंपनीने 1998 पासून या मेळाच्या गाड्या तयार स्वरूपात विकायला सुरुवात केली आणि या सहा इंचांच्या पापाला समाजमान्यता मिळाली. आपणही ते करावे. कुणी पट्टी घेऊन आलाच, तर त्याला रुळांऐवजी डोंगर दाखवावा.

तीस इंच म्हणजे अडीच फूट, हे ऐकून घरातला एखादा जाणकार इथे उठेल. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटांचीच होती, यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतलाही. मग आपलीच का नाही करत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देऊ नये. खरे कारण असे की शकुंतला केली तर ती चुकली कुठे हे सांगणारे लोक प्रत्येक लग्नात भेटतील. कुणाचे आजोळ मूर्तिजापूरचे, कुणाचे काका गार्ड. वऱ्हाडातली बाभूळ अशी नसते, कापसाच्या गाठी अशा रचत नाहीत, सगळे निघेल. ओवेन्स खोऱ्यात आजोळ असलेला माणूस आपल्या नात्यात निघण्याची शक्यता कमी.

रूळ मांडताना अंड्याच्या आकाराचा मोह टाळावा. वाळवंटात गाडी स्वतःच्याच शेपटीमागे धावताना दिसली की मैलोनमैल पसरलेला एकांत क्षणात संपतो. आपण शंटिंग मांडावे. ॲलन राइट नावाच्या ब्रिटिश छांदिष्टाने ‘इंगलनुक सायडिंग्ज’ नावाचा एक डाव बसवून ठेवला आहे. सांधे दोन, फाटे तीन. एका फाट्यात पाच वाघिणी मावतील, उरलेल्या दोहोंत तीन-तीन, आणि इंजिनाच्या बाजूला इंजिन अधिक तीन वाघिणींपुरती जागा. एकूण आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या करायच्या, पाच उचलायच्या, आणि निघालेल्या क्रमाने ती पाच वाघिणींची गाडी जोडायची. असे क्रम 6,720 होतात. रोज रात्री जेवण झाल्यावर एक म्हटले तरी अठरा वर्षे सुटका नाही. तोवर मुले कॉलेजात जातात आणि फळी कुणाची हा वाद आपोआप मिटतो.

आता मुख्य विषय, म्हणजे वाळवंट.

नवशिक्याला वाटते, वाळवंट सोपे. झाडे नकोत, नदी नको, वाळू पसरली की झाले. पहिली गोष्ट, ओवेन्सचे वाळवंट वाळूचे नाही. ते राखट, पिवळसर मातीचे आहे. डोंगराच्या ओहळांतून वाहून आलेली खडी पंख्यासारखी पसरलेली, आणि मधूनमधून सेजब्रशची रुपेरी हिरवट झुडपे. दुसरी गोष्ट निवडुंगाची. दोन हात वर केलेला, दरोडेखोराने पिस्तूल रोखल्यासारखा तो उंच निवडुंग म्हणजे साग्वारो. त्याचे घर सोनोराचे वाळवंट, म्हणजे मुख्यतः ॲरिझोना आणि मेक्सिको. ओवेन्स खोऱ्यात तो उगवत नाही. तरीही आपण वाळवंट करतोय हे कळल्यापासून पंधरवड्याच्या आत कुणीतरी प्रेमाने प्लास्टिकचा साग्वारो आणून देतोच. तो आनंदाने स्वीकारावा. त्यासाठी एक पुठ्ठ्याचे खोके तयार ठेवावे, त्यावर ‘भविष्यातील विस्तार’ असे लिहावे. त्यात साग्वारो, जिराफ, पेट्रोल पंप आणि बर्फाच्छादित देवदार सुखाने नांदतात.

माती घरचीच वापरावी, पण नीट पारखून. कोकणातली लाल माती चालणार नाही, देशावरची काळीही नाही. बांधकामावरची फिकट धूळ बरी. ती उन्हात वाळवून चहाच्या गाळणीतून गाळावी. 1:48 मध्ये एक मिलिमीटरचा कण म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटरचा धोंडा, हे ध्यानात ठेवले की गाळणी आपोआप बारीक होते. मग एक चुंबक कागदात गुंडाळून त्या मातीतून सावकाश फिरवावे. आपल्याकडची माती बहुधा बेसाल्टची, त्यामुळे कागदावर काळ्या केसांसारखा बारीक कणांचा पुंजका उभा राहतो. चुंबक काढून घेतले की तो कागदावरून भुरभुर खाली पडतो. हे कण मातीत राहू दिले तर इंजिनाच्या मोटरीतले चुंबक एकेक करून ते ओढून घेते आणि एके दिवशी इंजिन घरघरून बसते.

चिकटवण्याची क्रिया अशी: फेविकॉल निम्म्या पाण्यात पातळ करावा, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. माती आधी फवाऱ्याने ओली केलेली असावी. हा टप्पा घाईत गाळला तर कोरड्या धुळीवर पडलेला फेविकॉलचा थेंब पसरत नाही, गोळी होऊन गडगडत जातो आणि जाईल तिथे खळगा पाडतो. चंद्राचा पृष्ठभाग करायचा असल्यास ही उत्तम पद्धत आहे. रुळांखाली शहरी रेल्वेसारखा खडीचा नेटका बांध घालू नये. ही काटकसरीने बांधलेली रेल्वे. स्लीपर मातीत अर्धे बुडालेले असावेत. कामचुकारपणा इथे अस्सलपणात जमा होतो, आणि अशी संधी आयुष्यात वारंवार येत नाही.

टेकड्यांची अडचण मराठी माणसाला नाही. दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना हे सगळे पाठ असते. दगड-विटांच्या जागी वर्तमानपत्राचे बोळे, चिखलात बुडवलेल्या गोणपाटाच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेले जुने कापड. धोका पुढे आहे. किल्ला झाला की त्यावर मोहरी पेरायची, ही सवय हाडीमांसी खिळलेली असते. बोटे नकळत चिमूट धरतात. ती आवरावी. चार इंची मावळाही आणू नये, या प्रमाणात तो सोळा फूट उंच होतो आणि स्टेशनमास्तर त्याच्या गुडघ्याशी येतो.

सेजब्रशसाठी भांडी घासायची हिरवी घासणी कात्रीने कुरतडून, राखाडी-पांढऱ्या रंगात बुडवून वाळवावी. झुडूप दोन सेंटिमीटरच्या आत. आणि एकमेकांपासून दूर! पाण्याच्या तुटवड्याच्या प्रदेशात झुडपे गर्दी करत नाहीत, प्रत्येकाची मुळे आपापला परिसर राखून असतात. नियोजनाच्या कागदावर या मोकळ्या जागा पेन्सिलने तिरप्या रेघा मारून दाखवाव्यात आणि त्यावर ‘येथे काही नाही’ असे ठळक लिहावे. नाही लिहिले तर तिसऱ्या महिन्यात तिथे एक झोपडी येते, झोपडीला कुंपण, कुंपणात कोंबड्या, आणि मग कोंबड्यांची मालकीण वाळत घातलेल्या कपड्यांसह. आठ फुटांपैकी किमान पाच फुटांवर काहीही असता कामा नये. पाहुणे विचारतील, ‘हे अजून व्हायचंय का?’ तर नाही, हे झालेले आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला आहे, असे शांतपणे सांगावे. एकदाच सांगावे.

इमारती दोन पुरेत. एक लाकडी पाण्याची टाकी, कारण वाफेच्या इंजिनाला वाळवंटात सोन्याहून पाणी महत्त्वाचे. दुसरे स्टेशन, ते जुन्या फोटोंवरून. याच मार्गावरच्या लॉज गावी स्टेशन, टाकी आणि इंजिन फिरवायचे टर्नटेबल आजही पाहायला मिळते. हे टर्नटेबल माणसांनी ढकलून फिरवायचे. फळीवर ते घालावे की नाही? जागा फार खाते, पण बोटाने ढकलले तरी ते इतिहासाला सोडून नाही, आणि एक मोटर वाचते.

आभाळासाठी पातळ हार्डबोर्ड कोपऱ्यात गोलाई देऊन वाकवावा. आभाळाला काटकोन दिसला की सगळे मुसळ केरात. क्षितिजाशी फिका, वर गडद निळा. ढग काढू नयेत. ढग काढता येतात असे प्रत्येकाला वाटते, आणि सगळ्यांच्या ढगांची शेवटी मेंढरे होतात.

माल काय वाहायचा, यात कीलरने आपली सोय करून ठेवली आहे. तिथून टाल्क रवाना होई. म्हणजे टाल्कम पावडरचा डबा हा आपला अधिकृत माल. आटलेल्या तळ्यावरचा पांढरा खारट थर देवघराजवळच्या रांगोळीने हुबेहूब साधतो, मात्र सणाच्या आदल्या दिवशी डबा रिकामा सापडू नये याची काळजी घ्यावी. इंजिने किती, या प्रश्नावर घरचे अर्थखाते जागे होते. तिथेही इतिहास मदतीला आहे. 1954 मध्ये या मार्गावर डिझेल इंजिन आले ते एकच, आणि 1960 मध्ये मार्ग बंद होईपर्यंत गाडी त्यानेच ओढली. वाफेचे 9 क्रमांकाचे इंजिन अडीअडचणीला राखून ठेवलेले. तेव्हा एकच हवे, असे सांगून दोन घ्यावीत.

शेवटी सफाई. ओवेन्स नदीचे पाणी 1913 मध्ये कालव्याने लॉस एंजेलिसला नेले आणि पुढच्या काही वर्षांत तळे कोरडे पडले. मग तळाची खारी धूळ अशी उडू लागली की तो अमेरिकेतला धुळीचा सर्वांत मोठा एकल स्रोत म्हणून गाजला. म्हणून आपल्या फळीचे साल 1930 च्या पुढचे ठरवावे. त्यानंतर फळीवर साचणारी धूळ ही ऐतिहासिक ठरते आणि तिला हात लावणे गैर. तशी सूचना मावशींना आधीच देऊन ठेवावी. रुळांचा वरचा भाग तेवढा अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसावा, नाहीतर वीज चाकापर्यंत पोहोचत नाही. ज्यांना 1912 सालचेच देखावे हवेत त्यांची हरकत नाही, पण तेव्हा तळ्यात पाणी होते. धुळीला सबब उरत नाही, आणि दर रविवारी सगळी फळी त्यांनी स्वतः पुसावी.