बिल दिलंत, आता हिशोब द्या

घरपट्टी भरायला माझी ना नाही. रस्ते झाडले जातात, दिवे लागतात, घंटागाडी येते; त्याचे पैसे घरमालकांनी द्यायलाच हवेत. जकात गेली, एलबीटी गेला, 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हापासून महापालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नात घरपट्टीला फार महत्त्व आलं, हेही समजतं. माझा राग आहे तो बिलाच्या कागदावर.

सर्वसाधारण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, मलप्रवाह कर, पाणीपट्टी, पथकर, महापालिकेचा शिक्षण उपकर, शिवाय राज्य सरकारचा वेगळा शिक्षण कर. आमच्या बिलावर ही सगळी रांग असते आणि प्रत्येकापुढे आकडा. पण हे आकडे ज्याच्यावरून काढले, ते करयोग्य मूल्य वर कोपऱ्यात नुसतं छापलेलं. ते कुठून आलं याबद्दल एक अक्षर नाही.

वास्तविक रीत सोपी आहे. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. समजा घर 600 चौरस फूट आणि दर फुटाला महिना 2 रुपये धरला. वर्षाचे झाले 14,400. त्यातून 1,440 गेले, राहिले 12,960. एवढं गणित बिलावर दोन ओळींत मावतं. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा किलोचा भाव आणि वजन लिहून मग बेरीज मांडतो.

माझ्या घराचं क्षेत्रफळ किती धरलंय, दर कोणता लावलाय, हे विचारायला मी कर कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्यावर थकबाकी शून्य होती. "तुमचं सगळं क्लिअर आहे काका," त्या म्हणाल्या. क्षेत्रफळाचं विचारलं तर म्हणाल्या, "सिस्टिममध्ये जे आहे तेच बिलावर येतं. अर्ज द्या." माझ्याच घराची मापं मला कळावीत म्हणून मी अर्ज का द्यावा? बाईंचा दोष नाही, त्यांच्यासमोरही तोच एक आकडा होता.

मुंबईत 2010 पासून कर भांडवली मूल्यावर लागतो. पद्धत निराळी, पण तिथेही सामान्य माणसाला हिशोब उलगडून सांगायला कुणीतरी जाणकार गाठावा लागतो. पुण्यात राहत्या घराला 1970 पासून 40 टक्के सवलत होती. ती 2019 मध्ये काढली, 2023 मध्ये परत दिली. मात्र ती मिळावी म्हणून अनेकांना पीटी-3 अर्ज भरून, आपल्याच घरात आपण राहतो याचे पुरावे जोडावे लागले. सवलत काढताना कुणाकडून अर्ज मागवला नव्हता.

उशीर मात्र आपण करायचा नाही. थकलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के शास्ती बसते, म्हणजे वर्षाला 24. आकारणी चुकली म्हणून कलम 406 खाली न्यायालयात जायचं तर मुदत 15 दिवसांची, आणि मागितलेली रक्कम आधी भरायची. इतकी कडक मुदत ठेवायची, तर चूक शोधण्यापुरती माहिती बिलावर हवीच. क्षेत्रफळ, दर, वापर, बांधकामाचं वर्ष आणि वजावट, एवढं छापा. नवा कायदा लागत नाही, नोंदी तुमच्याकडे आहेतच.

तोवर वाचकांना सांगणं एवढंच. बिल आलं की पैसे भरण्याआधी आकारणीचा उतारा मागा आणि त्यातलं क्षेत्रफळ खरेदीखताशी ताडून पाहा. घर निवासी असताना बिगरनिवासी तर लागलेलं नाही ना, तेही बघा. फरक दिसला तर तोंडी बोलून परत येऊ नका. लेखी तक्रार द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.