नाना पेठमार्गे पानशेत

सिंहगड रोडवर राहणाऱ्या माणसाने होडी विकत घेतली तर त्याला आता कोणी वेड्यात काढत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीच्या पार्किंगमध्ये खऱ्याखुऱ्या होड्या फिरल्या, तेव्हापासून त्या भागात होडी ही चैन राहिलेली नाही. म्हणून चाकणची नोकरी संपवून मायदेशी निघालेल्या एका जर्मन साहेबाकडून माझ्या मामांनी शिडाची छोटी होडी घेतली, तीही ट्रेलरसकट, तेव्हा सोसायटीने एवढंच विचारलं, "किती जण बसतात?" सेक्रेटरींनी तर मेन्टेनन्स वेळेवर भरणाऱ्यांची यादी करायलाच घेतली.

मामांना पुरात तरायचं नव्हतं, त्यांना पानशेतला जायचं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मामा शाळकरी पोर होते. "तेव्हा पानशेत आपणहून पुण्यात आलं होतं," ते म्हणतात, "आता आपण जायचं."

होडी ओढायला व्हॅन होती. मामांचा मुलगा जपानहून कायमचा परतला तेव्हा सामानाबरोबर तिथली व्हॅनही घेऊन आला. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं, हा आपला नियम. दोन्ही अटींत व्हॅन बसली, आणि कस्टम ड्यूटीत मामांची एक एफडी बसली. पण या व्हॅनला मागे हूक नव्हता. मुलाने ओळखीने जपानहून हुकाचा सेट मागवला: बंपरच्या आत चॅसिसला बोल्टने आवळायची आडवी दांडी, तिच्या मधोमध चौकोनी नळी, नळीत सरकणारी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला चकचकीत पोलादी गोळा. ट्रेलरच्या तोंडाशी वाटी असते. वाटी गोळ्यावर ठेवायची, खटका दाबायचा, की होडी निघाली.

खटका पडेना.

मामांनी गोळ्याला ग्रीस लावलं, वाटीला ग्रीस लावलं, शेवटी वॉचमनला वाटीवर उभं केलं. वॉचमन ग्रीसवरून घसरला, खटका तसाच. मग टेल्कोतून निवृत्त झालेले शेजारी काका चष्मा पुसत खाली आले आणि त्यांनी निदान केलं. युरोपातला ट्रेलर असल्यामुळे वाटी ५० मिलिमीटरच्या गोळ्यासाठी होती. जपानी सेटबरोबरचा गोळा अमेरिकन मापाचा, दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. मापावरून गोळा १९४५ नंतरचा असणार हे उघड होतं. जर्मनी आणि जपानचं १९४० साली बर्लिनमध्ये जमलं होतं. आमच्या पार्किंगमध्ये मात्र ०.८ मिलिमीटरवर अडलं.

"त्यात काय, नाना पेठेत मिळेल," काका म्हणाले आणि निघून गेले. पुण्यात वाहनाच्या कुठल्याही दुखण्यावरचा हा पहिला उतारा आहे.

कोथरूडचा माणूस मुलाकडे न्यू जर्सीला सहज जाऊन येतो, पण नाना पेठेत जायचं म्हटलं की त्याला तयारी लागते. पाण्याची बाटली, टोपी, सुटे पैसे, आणि गाडी कुठे लावायची याचा घरच्यांशी विचारविनिमय. आम्ही रिक्षाने गेलो. नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ. वारीत तुकोबांची पालखी इथेच निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. एरवी बाराही महिने इथे वारी असते ती बेअरिंग, क्लचप्लेट आणि सायलेन्सरवाल्यांची. दुकानाच्या तोंडाला फॅनबेल्टची तोरणं, आत छतापर्यंत खोकी, आणि खोक्यांच्या पोटात कुठेतरी मालक.

"मॉडेल?" मालकांनी विचारलं. त्यांनी वर पाहिलं नव्हतं.

मामांनी मॉडेल सांगितलं. मालकांनी वर पाहिलं.

"इंपोर्टेड? त्याचं नाही येत. मॅटाडोरचं सांगा, उभ्या उभ्या देतो."

इथे मामा भावुक झाले. आकुर्डीला बजाज टेम्पोत एकेकाळी तयार होणारी मॅटाडोर ही मूळची जर्मन. पुण्याने तिला इतकं आपलंसं केलं की शाळेच्या सहलीपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं तिच्यात कोंबून नेलं आणि ती परदेशातली असल्याचं कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मामा स्वतः मॅटाडोरच्या मागच्या दारातून नवरदेव म्हणून उतरले होते. हे सगळं त्यांनी मालकांना सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि ट्रॅक्टरची पिन काढून समोर ठेवली.

"हे बघा. ऊस वाहतुकीला हेच जातं. दोन ट्रॉल्या ओढते ही. तुमची होडी म्हणजे काय हो!"

पिन उत्तम होती. तिच्यासाठी फक्त व्हॅनच्या जागी ट्रॅक्टर आणि होडीच्या जागी ऊस हवा होता. शेजारच्या दुकानदाराने गिअरच्या दांड्याची मूठ दाखवली, "गोल आहे." तिसऱ्याने मात्र मुद्द्याचं विचारलं, "पन्नास की पॉइंट आठ?" आमचे डोळे भरून आले. "दोन्ही नाहीत," तो म्हणाला. "पण घेताना मोजून घ्या. पन्नासचा गोळा दोन इंची वाटीत लावाल तर बसेल, पण खडखडेल आणि एखाद्या स्पीडब्रेकरवर उडून बाहेर येईल. फसतात लोक."

बुधवारी जुना बाजार. इथे वस्तू मिळत नाहीत, भेटतात. मामांना गोळा नाही भेटला, पण कुलपं, नळ आणि एकेकट्या चपलांच्या ढिगातून एक जपानी व्हर्निअर कॅलिपर भेटला. जबडे शाबूत, स्केलवरचे आकडे हाताळून पुसट झालेले. मामांनी खिशातून गोळा काढून तिथेच मोजला: पन्नास पूर्णांक आठ. भोवती माणसं जमली. एकाने स्वतःची अंगठी मोजून घेतली, दुसऱ्याने नळाचा तुकडा. विक्रेत्याला आपल्याकडचा माल चालतो हे पहिल्यांदाच कळलं असावं, कारण त्याने भाव दुप्पट केला.

आता कायद्याकडे वळू. मामा नियमाने चालणारे. वाहतूक पोलिस नसतानाही ते सिग्नलला थांबतात आणि मागच्यांच्या शिव्या खातात. एका झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या एजंटापाशी आम्ही पोचलो. मोटार वाहन कायदा १९८८ त्याला तोंडपाठ होता. कलम ५२: गाडीत असा बदल करायचा नाही की नोंदणीपुस्तकातला तपशील आणि गाडी यांचा मेळ बसणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीहून पत्र निघालं ते गाडीच्या पुढच्या लोखंडी गार्डांबद्दल.

"आणि मागच्या हुकाचं?" मामांनी विचारलं.

"काका, विचारू नका. विचारलं की उत्तर येतं."

पण मामांनी सगळं विचारलं, लेखी विचारलं, आणि होडीच्या ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी करायची ठरली. तेव्हा कळलं की ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या अंगावर हवा आणि ओढणाऱ्या गाडीचाही नंबर त्याच्या मागे दिसला पाहिजे. "म्हणजे काम एकदम कायदेशीर," एजंट म्हणाला, "पण दोन नंबरचं." अर्जावर 'ट्रॅक्टरचा तपशील' असा रकाना होता. मामांनी त्यात आधी 'नाही' लिहिलं. एजंटाने ते खोडून 'लागू नाही' केलं आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था उभी आहे. देशभरातल्या गाड्या तपासून घ्यायला तिथे आणतात. टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांवर याचा परिणाम झालेला आहे, तेही येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तपासतात. मामांच्या सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर तर टेकडीपासून लांब राहूनही तपासतात. वादाचा विषय होता नाकावरचं वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही भाग गोळ्यावर यावा लागतो. तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलरची शेपटी डावी-उजवी हलायला लागते आणि ती ओढणाऱ्या गाडीलाही हलवते. टेल्कोवाले काका अमेरिकन पंथाचे, दहा टक्के म्हणणारे. दुसरे, किर्लोस्करांकडे नोकरी केलेले, युरोपीय पंथाचे: पाच ते सात. मामींच्या बाथरूममधला वजनकाटा खाली आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर ट्रेलरचं नाक. काटा एकवीसवर थांबला. होडी आणि ट्रेलर मिळून भरत होते २८० किलो. म्हणजे साडेसात टक्के. दोघेही हरले आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. मामी म्हणाल्या, "काटा दोन किलो जास्त दाखवतो," तेव्हा दोघांनीही त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

गोळ्याचा प्रश्न अखेर भोसरीत सुटला. एमआयडीसीतल्या एका गाळ्यात लेथवर एक मिस्त्री होते. मामांनी गोळा पुढे केला, "पॉइंट आठ तासून द्या."

मिस्त्रींनी तो तळहातावर दोनदा उडवला. "तासतो. पण वरचा कडकपणा जाईल. होडी तुमचीच आहे ना?"

एवढं बोलून त्यांनी रॅकमधून ईएन-१९ चा रॉड ओढला. पुढचा तासभर कोणी बोललं नाही. चकात रॉड, निळसर वळणं घेत पडणारी चिप, पांढऱ्या कूलंटची धार, आणि मधूनच मशीन थांबवून मिस्त्रींनी लावलेला मायक्रोमीटर. मामांनी जुन्या बाजारातला व्हर्निअर काढला. मिस्त्रींनी तो हातात घेतला, जबडे मिटून उजेडासमोर धरले, म्हणाले, "चांगला आहे, विकणार का?" गोळा निघाला ४९.९५. बिल झालं ते आमच्या त्या दिवसाच्या रिक्षाभाड्याहून थोडंसंच जास्त.

बसवताना सूचनापत्रक जपानीत निघालं. दुसऱ्या गावात याने काम अडलं असतं. पुण्यात जपानी येणारी माणसं शोधावी लागत नाहीत. सिंहगड रोडवरच ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर पुलंच्या नावाचं उद्यान आहे, आणि सोसायटीतच तिघेजण जपानी शिकलेले होते. अडचण आली ती तिघांचे तीन अर्थ निघाल्यामुळे. एकीच्या मते बोल्ट ९० न्यूटन-मीटरला आवळायचे, दुसऱ्याच्या मते ९० पेक्षा जास्त आवळायचे नाहीत, आणि तिसऱ्या आजोबांनी पत्रकाची भाषा किती नम्र आहे यावर बोलणं चालू ठेवलं. फिटरने बंपर उतरवला, सायलेन्सरचे रबर साबणाचं पाणी लावून सरकवले, दांडी वर धरली आणि बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले. टेल्कोवाल्या काकांनी टॉर्क रेंच लावला. चार बोल्टांवर टिक्क वाजलं, दोनांवर पाना फिरतच राहिला.

"तुमचा पाना जुना झालाय," फिटर म्हणाला, आणि ते दोन बोल्ट मुकाट्याने परत आवळले.

वायरिंगबद्दल इतकंच सांगतो की पहिल्यांदा डावा इंडिकेटर दिल्यावर ट्रेलरचा ब्रेक लागल्याचा दिवा पेटला, आणि शेवटी जो वायरमन आला त्याने आधीच्या सगळ्यांना शिव्या घालून ते नीट केलं.

हूक बसल्यावर व्हॅन घेऊन आम्ही चाचणीला टिळक रोडला गेलो. मागे लोखंड असलेली गाडी कडेला हळू होताच चहाच्या टपरीवरून चारजण "साहेब, काढतो, काढतो!" म्हणत धावत आले आणि त्यांनी आपापल्या दुचाक्या हलवल्या. टोइंगच्या गाडीखेरीज दुसरं काही असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. पार्किंगला इतकी ऐसपैस जागा मामांना हयातीत पहिल्यांदा मिळाली.

आणि मग रविवारी पहाटे पानशेत. पोळ्याला बैल नदीवर नेतात तशी होडी नुसती पाणी दाखवायला न्यायची होती. व्हॅन सुरेख ओढत होती. आरशात होडीचं नाक शिस्तीत मागे येत होतं. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं भाजणाऱ्या बायकांनी हात हलवले. डोणज्याला एका सायकलस्वाराने बराच वेळ बरोबर राहून विचारलं, "धरण फुटणार आहे का?"

खानापूरच्या पुढे मामा चुकीच्या फाट्याला वळले आणि रस्ता एका वाड्याच्या अंगणात संपला. आता ट्रेलरसकट मागे यायचं होतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि ट्रेलर जितका आखूड तितका तो लवकर आडवा होतो. आमचा फारच आखूड होता. पाच मिनिटांत अर्धं गाव जमलं. "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बास! बास!" प्रत्येकजण वेगळ्या दिशेला हात करत होता आणि होडी गोठ्याकडे निघाली होती. म्हैस उठून उभी राहिली. मामा घामाघूम.

गर्दीतून एक पोरगा पुढे आला. "उतरा काका." सीटवर बसून त्याने स्टिअरिंगचा फक्त खालचा भाग एका हाताने धरला, कारण खालून धरलं की ज्या बाजूला हात सरकवू त्याच बाजूला ट्रेलर जातो. मान वळवून एकदाच मागे पाहिलं आणि होडी फाट्यापर्यंत सरळ रेषेत नेऊन उभी केली.

"दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चालवतो कारखान्यावर," तो म्हणाला. "हे एकच आहे."

पानशेतला पाणी पाहिलं, डबा खाल्ला, परत आलो.

त्या आठवड्यात मामांच्या घरी गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते आले. वर्गणीचं पुस्तक हातात नव्हतं, तेव्हाच मामींना शंका आली. अध्यक्ष खुर्चीच्या कडेवर बसले. "काका, गाडी बघितली आपली. हूक एक नंबर बसलाय. यंदा ट्रॅक्टरवाला जमत नाही म्हणतो. अनंत चतुर्दशीला रथ तुम्ही ओढायचा. मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालेल, पण घाई अजिबात नसते."

मामांनी चष्मा चढवला. "रथाचं वजन किती?"

"देखाव्यासकट? दीड-दोन टन. वर पोरं नाचतात ती वेगळी."

"आणि नाकावरचं वजन?"

अध्यक्षांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं. कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका," अध्यक्ष म्हणाले, "बाप्पाचं नाक कोणी मोजत नाही."

मामी बाथरूममध्ये गेल्या आणि वजनकाटा माळ्यावर ठेवून आल्या.