अलिबागहून आलेले लंडनकर

‘अलिबागहून आलाय का?’ असं कुणी म्हणू नये, यासाठी 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली आणि फेटाळली गेली. लंडनला मुलाकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर जाणाऱ्या अलिबागकर आईबाबांना तिथे हे कुणीच विचारत नाही. त्याचंही थोडं वाईट वाटतं.

बाबांचं पहिलं संशोधन मासळीचं. कॅनरी व्हार्फजवळच्या बिलिंग्जगेट बाजारात पहाटे पाचला पोचायचं, कारण साडेआठला सगळं आवरतं. रविवार-सोमवार बाजार बंद. ‘म्हणजे हेही सोमवार पाळतात!’ आई खूश. बर्फातली सुरमई घरी येते, तव्यावर पडते आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागतो. मुलगा टॉवेलने वारा घालतो, सून खिडक्या उघडते, आई शांतपणे तुकडे उलटते.

डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो. त्यामुळे दुपारचा चहा आणि दिवेलागण एकाच वेळी उरकावी लागते.

टेम्सवर बाबा जरा मवाळ होतात. समुद्र इतका लांब असूनही लंडन ब्रिजपाशी मोठ्या भरतीला पाणी सात मीटरच्या आसपास चढतं. ओहोटी लागली की ते काठावर उतरायला निघतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाण्यात आयुष्य गेलेलं! पण इथे चिखलात जुनीपुराणी वस्तू शोधायची तर बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. बाबांच्या मते हा शुद्ध कद्रूपणा. इथली लाँच मात्र पावसाळ्यातही चालू असते, हे मांडव्याच्या प्रवाशाला मान्य करावंच लागतं.

1932 पासूनच्या महाराष्ट्र मंडळात, डॉलिस हिलला, आईला माणसं भेटतात. पेणच्या गणपतीची चौकशी निघाली की ती रायगड जिल्ह्याची वकील होते.

खरा सामना ग्रीनिचला. मुलगा शून्य रेखांशावर उभं करून फोटो काढतो. बाबा विचारतात, ‘चुंबकीय वेधशाळा कुठाय?’ मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजमापं 1904 मध्ये अलिबागला आली. ग्रीनिचलाही विजेच्या रेल्वेने तोच त्रास दिला. तिथली यंत्रं 1920च्या दशकात सरे परगण्यातल्या अ‍ॅबिंजरला गेली, 1957 मध्ये आणखी लांब, डेव्हनमधल्या हार्टलंडला.

‘आमची अजून तिथेच आहे,’ बाबा शेजारच्या जपानी पर्यटकाला मराठीत सांगतात. तो आदराने वाकतो आणि फोटोसाठी जरा बाजूला व्हा, अशी खूण करतो.