मोगली एरंडाची बढती

मध्य अमेरिकेतून केव्हातरी या देशात आलेला, आणि गुरे तोंड लावीत नाहीत एवढ्याच गुणावर बांधावरच्या कुंपणाची चाकरी पिढ्यान् पिढ्या निमूट करणारा मोगली एरंड २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीच्या दृष्टीस पडला, व त्याच्या बियांत सुमारे एकतृतीयांश तेल असल्याचे दप्तरी दाखल होताच या उपऱ्या झुडपाची नेमणूक थेट राष्ट्राच्या इंधनखात्यात झाली. पडीक जमिनीत पाण्यावाचून ते जगते, हे खरेच होते. टिपणे लिहिणाऱ्यांनी फळाची हमी पदरची घातली. २००९ च्या जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत डिझेलात बायोडिझेलच्या २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट मुक्रर केले, परंतु त्या हुकमाची नक्कल झाडास पोचली नसावी, कारण एकाच घोसात हिरवी, पिवळी, काळी फळे धरण्याची आपली वहिवाट त्याने सोडली नाही, आणि ती निवडून तोडणाऱ्याची मजुरीच मालाला भारी पडू लागली. पेंड विषारी, याविषयी गुरांचा अभिप्राय पूर्वीपासून उपलब्ध होता, पण तो मागवण्याची तरतूद नव्हती. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलचा आकडा ५ टक्के व मुदत २०३० अशी दुरुस्ती झाली. हल्ली इंधनखात्यातल्या त्याच जागेसाठी जलपर्णीचे नाव ऐकू येते. तिच्या अंगात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असते, ही किरकोळ हरकत अहवालाच्या परिशिष्टात सामावून जाईल, असा अजमास आहे.